तापल्यावाचूनचा उजेड : दिव्याच्या एका स्थित्यंतराविषयी

१

पदव्युत्तर वर्गात कविता शिकवत असताना काही वर्षांपूर्वी आम्हांला एक प्रश्न आला. कवितेत दिवा मालवला होता. एका विद्यार्थिनीने विचारले, "मालवणे म्हणजे बटण बंद करणे का?" आम्ही तत्काळ 'नाही' म्हटले खरे, पण मग नेमके काय, हे सांगताना अडखळलो. मालवणे म्हणजे ज्योतीशी हात आडवा धरून फुंकर घालणे, किंवा वात तेलात ओढून घेणे. जळत असलेली एक गोष्ट तेथे शांत केली जाते. मागे धुराची एक रेघ आणि वातीचा वास उरतो. हे सगळे सांगून झाले आणि लक्षात आले की वर्गाच्या छताला लावलेल्या पांढऱ्या पट्टीशी या क्रियापदाचा काहीच संबंध लागत नाही.

तास संपल्यावर प्राध्यापक-कक्षात यावरून वाद झाला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की विजेचा दिवा घरात आला त्याच दिवशी हे क्रियापद मेले. बल्ब असो की एलईडी, बटणाला काय त्याचे! दुसऱ्याला हे मान्य नव्हते. त्याच्या मते पिवळा बल्ब हा ज्योतीचा शेवटचा वंशज होता. कारण बल्बमध्येही काहीतरी तापत होते, आणि तापत होते म्हणूनच उजळत होते. हात लावला तर चटका बसत होता. खरी ताटातूट झाली ती बल्ब गेला तेव्हा.

प्रस्तुत लेख त्या वादातून निघालेला आहे. तारेचा बल्ब जगातून हळूहळू हद्दपार होत असताना त्याची जागा कोणी, कशी व कोणत्या कारणाने घेतली, हा वरवर पाहता तंत्रज्ञानाचा इतिहास आहे आणि त्याचा साहित्याच्या अभ्यासकांशी संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आमच्या मते संबंध आहे, आणि तो एका शब्दातून दाखवता येतो. बल्ब का गेला याचे सर्वमान्य उत्तर 'तो वीज वाया घालवतो' असे आहे. यातील 'वाया' हा शब्द आम्हांला तपासून पाहायचा आहे.

२

आज ज्याला आपण जुना दिवा म्हणतो तो एकेकाळी स्वतःच 'पर्याय' होता, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत टॉमस एडिसन हे दोघे १८७८-७९च्या सुमारास एकाच प्रश्नाशी झुंजत होते. हवा काढून घेतलेल्या काचेच्या फुग्यात कार्बनचा बारीक तंतू विजेने तापवला, तर तो जळून न जाता किती वेळ उजळत राहील? एडिसनच्या मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत ऑक्टोबर १८७९मध्ये, कोळसा केलेल्या सुती दोऱ्याचा दिवा काही तास टिकला. पुढच्या वर्षी जपानातील क्योटोजवळच्या बांबूच्या तंतूने हे आयुष्य हजार तासांपलीकडे नेले. शालेय पुस्तकांनी हा दिवा एकट्या एडिसनच्या नावावर लिहून टाकला आहे. प्रत्यक्षात स्वानने आपला दिवा न्यूकॅसलमध्ये त्याच्या आधी लोकांसमोर ठेवला होता आणि इंग्लंडात अखेर दोघांना १८८३मध्ये भागीदारीत कंपनी काढावी लागली. गुलामगिरीतून पळून आलेल्या आईबापांचा मुलगा लुईस लॅटिमर याने कार्बनचे तंतू बनवण्याची सुधारलेली रीत शोधली व १८८२मध्ये तिचे पेटंट घेतले, ही गोष्ट तर फार उशिरा सांगितली जाऊ लागली.

त्या काळच्या लोकांना या दिव्याचा कोणता गुण सर्वांत मोठा वाटला असेल? आज आपण त्याला उधळ्या म्हणतो. तेव्हा त्याचे कौतुक झाले ते निर्धोकपणाबद्दल. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाचा रंगमंच डिसेंबर १८८१मध्ये विजेच्या दिव्यांनी उजळला, तेव्हा मालक रिचर्ड डॉयली कार्ट स्वतः प्रेक्षकांसमोर आला आणि पेटता बल्ब पातळ मलमलीत गुंडाळून त्याने फोडून दाखवला. कापड जळले नाही. गॅसच्या दिव्यांनी नाट्यगृहे जळण्याचा तो काळ होता. त्या प्रेक्षकांना हा चमत्कार किती दिलासा देणारा वाटला असेल याची कल्पना करता येते. थोडक्यात, बल्ब आला तो 'आगीवाचूनचा दिवा' म्हणून. ज्योतीपासून दूर जाण्याचे पहिले मोठे पाऊल त्यानेच टाकले.

साहजिकच त्याच्याविरुद्ध आणि त्याच्या भाऊबंदांविरुद्ध साहित्यिकांनी तक्रारी केल्या. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने गॅसच्या दिव्यांची बाजू घेणारा एक निबंध लिहिला. १८८१च्या त्याच्या निबंधसंग्रहात तो आहे. त्याचा रोख रस्त्यावरच्या डोळे दिपवणाऱ्या आर्क दिव्यांवर होता. पुढे अर्ध्या शतकाने, १९३३मध्ये, जपानी कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी याने सावल्यांच्या सौंदर्यावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात विजेचा दिवाच उभा आहे. मेणबत्तीच्या मंद उजेडात लाखेची काळी भांडी जशी दिसतात तशी या दिव्याखाली दिसत नाहीत, ही त्याची खंत होती. ज्या देशाच्या बांबूने एडिसनचा दिवा हजार तास जागवला, त्याच देशात हा निबंध लिहिला जावा, हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो.

स्टीव्हन्सनला गॅसबत्ती आत्मीय वाटत होती. तिच्या आधीच्या पिढीला तीच परकी वाटली असणार. तानिझाकीला बल्ब कर्कश वाटत होता. आज आपल्याला तोच ऊबदार वाटतो. दिव्यांविषयीचा शोक नेहमी एक दिवा मागे असतो. प्राध्यापक-कक्षातील आमच्या पहिल्या मित्राच्या बाजूने जाणारा हा पुरावा आहे. तरीही दुसऱ्याचे म्हणणे त्याने खोडले जात नाही, कारण पणती, मेणबत्ती, गॅसबत्ती आणि बल्ब यांच्यात एक नाते अखंड राहिले होते.

३

लोहाराच्या भात्यासमोर उभे राहिलेल्या कोणालाही ते नाते माहीत आहे. लोखंड तापते तसे आधी तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे. तापलेली वस्तू प्रकाश देते आणि जितकी अधिक तापेल तितका तो प्रकाश पांढऱ्याकडे झुकतो. पणतीच्या ज्योतीत काजळीचे अतिसूक्ष्म कण तापून पिवळे होतात, गॅसबत्तीत मेंटलची जाळी तापते, बल्बमध्ये तार. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत आणि तमाशाच्या फडात भगभगणारी पेट्रोमॅक्सची बत्ती हीदेखील याच कुळातली. तिच्या जाळीची मूळ कल्पना ऑस्ट्रियाचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याची, १८८५ सालची.

कार्बनच्या तंतूची जागा पुढे टंगस्टनने घेतली. हा धातू ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो. पण तो इतका ठिसूळ की त्याची तार ओढता येत नसे. अमेरिकेत विल्यम कूलिज याने १९१०च्या सुमारास ती अडचण सोडवली आणि आयर्विंग लँगम्यूर याने १९१३मध्ये बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरून व तारेचे वेटोळे करून तिची झीज कमी केली. आपल्या आजोबांपासून आपल्यापर्यंत सर्वांनी पाहिलेला बल्ब तो हाच. त्याची तार सुमारे अडीच हजार अंशांपर्यंत तापत असे. एवढे तापूनही ती जी ऊर्जा बाहेर टाकते तिच्यातील शंभरातले पाच ते दहा भागच डोळ्यांना दिसतात. उरलेली सगळी उष्णता. तार सूर्याइतकी तापवता आली असती तर हिशेब पुष्कळ सुधारला असता, पण त्याच्या कितीतरी आधी धातू वितळतो. म्हणजे बल्बचा हा दोष कारागिरीचा नव्हता. प्रकाश उष्णतेच्या पोटी जन्माला घालायचा म्हटले की एवढेच हाती लागते.

आणखी एक अट या जन्माला जोडलेली होती. तार अधिक तापवली तर तेवढ्याच विजेत उजेड वाढतो, पण तार लवकर झिजते. कमी तापवली तर ती दीर्घायुषी होते, पण मिणमिणते. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील अग्निशमन केंद्रात १९०१ साली लावलेला एक बल्ब शंभराहून अधिक वर्षे जळत राहिला. त्याची कथा सांगणारे लोक तो आता जेमतेम चार वॅटच्या दिव्याइतका उजेड देतो हे सांगायला बहुधा विसरतात.

याच अटीचा फायदा उठवणारे एक प्रकरण प्रसिद्ध आहे. १९२४च्या अखेरीस जिनिव्हात ऑसराम, फिलिप्स, टंगस्राम आदी मोठ्या उत्पादकांनी एकत्र येऊन 'फीबस' नावाचा संघ स्थापन केला. नाव सूर्यदेवाचे होते, काम बाजार वाटून घेण्याचे. घरगुती बल्बचे आयुष्य हजार तास असावे असे ठरले, आणि ज्याचा बल्ब त्याहून फार जास्त टिकेल त्याला दंड आकारला जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धाने हा संघ मोडला. वस्तू मुद्दाम अल्पायुषी करण्याचे उदाहरण म्हणून आजही याचाच दाखला दिला जातो. मात्र ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१च्या आपल्या अहवालात हेही नोंदवले की सर्व परिस्थितींत योग्य ठरेल असे बल्बचे एकच आयुष्य असू शकत नाही. तो आयुष्य आणि उजेड यांमधील तडजोडीचा प्रश्न आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हजार तासांच्या मर्यादेत भौतिकशास्त्रही होते आणि नफाही.

थॉमस पिंचनच्या 'ग्रॅव्हिटीज रेनबो' (१९७३) या कादंबरीत बायरन नावाचा एक बल्ब आहे. तो कधीच जात नाही आणि म्हणून फीबसची माणसे त्याच्या मागावर असतात. अमर असणे हाच ज्याचा गुन्हा, असे पात्र बल्बमधून निर्माण व्हावे हे आम्हांला विचार करण्याजोगे वाटते. ज्योतीप्रमाणेच बल्बलाही मरण होते, म्हणून तो पात्र होऊ शकला. मराठीतही बल्ब 'गेला' असेच आपण म्हणत आलो.

४

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५मध्ये आले. क्रॉफर्ड मार्केटात १८८२मध्ये विजेचे दिवे लागल्याची नोंद आहे. म्हणजे एडिसनचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले त्याच वर्षी. परंतु दिवा हा वस्तू म्हणून येणे वेगळे आणि व्यवस्था म्हणून येणे वेगळे. १९१५मध्ये खोपोलीला टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईकडे वीज वाहू लागली आणि १९६२च्या सुमारास कोयनेची. बटण दाबताच उजळणाऱ्या बल्बची वात अशी शेकडो मैल लांब होती, आणि तिचे दुसरे टोक सह्याद्रीत होते. कोयनेच्या जलाशयाखाली गावे गेली. दिव्याखाली अंधार ही आपली म्हण इतक्या शब्दशः क्वचितच खरी ठरली असेल.

या दिव्याने मराठीला काय दिले? 'फ्यूज उडणे' दिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने उजेड मोजण्याची एक घरगुती परिभाषा दिली: चाळिसाचा बल्ब, साठाचा बल्ब, शंभराचा बल्ब. न्हाणीघरात चाळिसाचा, माजघरात साठाचा, आणि कार्य असले की मांडवात शंभराचे. रात्री उशाशी मंद जळणारा 'झिरोचा बल्ब' तर घराघरांत होता. गंमत अशी की हा शून्य म्हणवणारा दिवाही दहा-पंधरा वॅट खात असे. आता थोडा विचार केला तर ध्यानात येईल की वॅट हे उजेडाचे माप नव्हेच. ते खर्चाचे माप आहे. आपण तीन पिढ्या उजेड त्याच्या खर्चाने मोजत होतो आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नव्हते. जास्त वीज म्हणजे जास्त उजेड, हे समीकरण इतके अंगवळणी पडले होते की नवा दिवा आला तेव्हाही खोक्यावर 'साठ वॅटच्या बल्बइतका उजेड' असे लिहून त्याला आपली ओळख करून द्यावी लागली.

एक बारीक तपशील येथे नोंदवून ठेवतो. युरोपात आणि अमेरिकेत बहुतांश बल्ब फिरवून बसवायच्या आट्यांचे. आपल्याकडचे मात्र दाबून वळवायच्या दोन पिनांचे. ही ब्रिटिश पद्धत, आणि तिचे इंग्रजी नाव बंदुकीच्या संगिनीवरून आलेले आहे. साम्राज्य गेले तरी होल्डर राहिला. आज एलईडीही त्याच होल्डरमध्ये, त्याच दोन पिनांवर बसतो. नव्या दिव्याला जुन्या दिव्याच्या आसनावरच बसावे लागले.

५

उष्णतेवाचून उजेड मिळवण्याच्या प्रयत्नांत घरापर्यंत पहिली पोचली ती ट्यूबलाइट. अमेरिकेत ती १९३८मध्ये विक्रीला आली. नळीत पाऱ्याची वाफ असते; विजेने ती चेतवली की अतिनील किरण निघतात आणि नळीला आतून दिलेला लेप ते पिऊन पांढरा उजेड देतो. येथे तापून उजळणारे काही नाही. ही नळी आपल्याकडे चांगलीच रुळली, इतकी की भाषेने तिला लगेच आपलेसे केले. स्टार्टरमुळे ती लुकलुकत उशिरा लागे, म्हणून मंदबुद्धीच्या माणसाला 'ट्यूबलाइट' म्हटले गेले आणि एखाद्याच्या डोक्यात उशिरा का होईना 'ट्यूब पेटू' लागली. जी कधी पेटतच नाही तिला 'पेटणे' हे क्रियापद आपण बहाल केले, याची दखल घ्यायला हवी. भाषा आग सहजी सोडत नाही.

हीच नळी पिळून बल्बच्या आकारात बसवली की झाला सीएफएल. फिलिप्सने तो १९८०मध्ये बाजारात आणला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हवामानबदलाची चर्चा तीव्र झाली तेव्हा सरकारांना बल्ब हा सोपा शत्रू सापडला. क्यूबाने २००५-०६मध्ये घरोघर बल्ब बदलले. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २००७मध्ये तारेचे बल्ब बंद करण्याची घोषणा केली. अमेरिकेने त्याच वर्षी कार्यक्षमतेचा कायदा केला, पण बहुतांश बल्बांची विक्री प्रत्यक्षात थांबली ती ऑगस्ट २०२३मध्ये. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २००९पासून शंभर वॅटचे, मग दरवर्षी एकेक पायरी खाली येत सप्टेंबर २०१२पर्यंत उरलेले बल्बही दुकानांतून काढले. अनेक युरोपीय घरांनी तेव्हा बल्बांचा साठा करून ठेवला.

भारताने वेगळी वाट धरली. येथे देशभर सरसकट बंदी घातली गेली नाही. किमतीशी झुंज दिली गेली. २००९च्या 'बचत लॅम्प योजने'त साध्या बल्बच्या भावात, म्हणजे पंधरा रुपयांत, सीएफएल देण्याची कल्पना होती. फरकाची रक्कम आंतरराष्ट्रीय कार्बन-बाजारातून यायची होती. तो बाजारच कोसळला आणि योजनाही मागे पडली. मग ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेली, पुढे 'उजाला' या नावाने ओळखली गेलेली योजना आली. तिचे तत्त्व घाऊक खरेदीचे होते: एका सरकारी कंपनीने कोट्यवधी एलईडी एकदम मागवायचे, निविदा काढायच्या, आणि ग्राहकाला हवे तर विजेच्या बिलातून हप्त्याने पैसे फेडू द्यायचे. या खरेदीत एका एलईडी दिव्याची किंमत २०१४मध्ये ३१० रुपये होती. २०१६मध्ये ती ३८ रुपयांवर आली. छत्तीस कोटींहून अधिक दिवे या योजनेतून वाटले गेले. युरोपात बल्ब कायद्याने गेला. आपल्याकडे तो बहुतांशी हिशेबाने गेला.

आणि सीएफएल? पर्याय म्हणून ज्याची भलामण झाली त्याचे आयुष्य अल्प ठरले. त्यात थोडा का होईना पारा होता. पाऱ्याने ज्या गावाच्या पिढ्या उद्ध्वस्त केल्या त्या जपानमधील मिनामाताचे नाव धारण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातील देशांनी २०२२मध्ये बाली येथे घरगुती वापराच्या सीएफएलसाठी २०२५ची, आणि २०२३मध्ये जिनिव्हात सरळ नळ्यांसाठी २०२७ची मुदत ठरवली. पर्यायालाच पर्याय शोधावा लागला. घरात दहा-पंधरा वर्षे राहूनही सीएफएलने मराठीला एकही वाक्प्रचार दिला नाही, हे आमच्या एका सहकाऱ्याचे निरीक्षण येथे नमूद करतो.

एलईडीची कथा त्यामानाने जुनी आहे. वीज सोडली असता एखादा स्फटिक मंद चमकतो हे हेन्री राउंड याने १९०७मध्येच नोंदवले होते. निक होलोन्याक याने १९६२मध्ये तांबडा एलईडी केला. पण पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता आणि तो तीस वर्षे हुलकावणी देत राहिला. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो शक्य केला व २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवले. आपल्या घरातला पांढरा एलईडी खरे म्हणजे निळाच असतो; त्यावर पिवळा लेप दिलेला असतो आणि दोहोंच्या मिश्रणाला आपला डोळा पांढरे समजतो. यातही उष्णता निर्माण होते, दिव्याच्या बुडाशी हात लावून पाहावे; मात्र ती उजेडाची आई नाही. ती येथे निव्वळ उपद्रव आहे, आणि आतील इलेक्ट्रॉनिक भाग लवकर निकामी होतात ते बहुधा तिच्याचमुळे. साठाच्या बल्बचे काम हा दिवा सात-नऊ वॅटमध्ये करतो.

६

आता 'वाया' या शब्दाकडे वळू. शंभरातले नव्वद-पंचाण्णव भाग उष्णता म्हणजे नव्वद-पंचाण्णव भाग वाया, हे विधान उजेडाच्या बाजूने पाहिले तरच खरे ठरते. जर्मनीत २०१०मध्ये एका अभियंत्याने व त्याच्या मेहुण्याने बंदी घातलेले बल्ब 'हीटबॉल' या नावाने विकायला काढले. हा दिवा नसून छोटी शेगडी आहे, आणि शेगडी म्हणून ती अत्यंत कार्यक्षम आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता! सरकारला विनोद रुचला नाही आणि विक्री थांबवली गेली. पण विनोदाच्या पोटात एक खरी गोष्ट होती. आपल्याकडे कोंबडीपालन करणारा शेतकरी पिल्लांच्या खुराड्यात बल्ब टांगत आला तो उजेडासाठी नव्हे. हिमवर्षाव होणाऱ्या प्रदेशांत रस्त्यावरचे सिग्नल एलईडीचे केल्यावर त्यांवर बर्फ साचू लागला, कारण तो वितळवणारी ऊब आता राहिली नव्हती. जे एका हिशेबात वाया जात होते, ते दुसऱ्या कोणाच्या तरी हिशेबात कामी येत होते.

मात्र येथे थांबलो तर आम्हीही स्टीव्हन्सन आणि तानिझाकी यांच्या रांगेत, एक दिवा मागे, जाऊन उभे राहू. पिवळ्या बल्बची आठवण ज्यांना येते ते कोण? ज्यांच्या घरी बल्ब होता ते. आमच्यातील एकाचे बालपण चिमणीच्या उजेडात गेले. रेशनचे रॉकेल, दोन इंचांची ज्योत, सकाळी नाकपुडीत काजळी आणि वहीच्या पानावर तेलाचा डाग. चर्चेच्या ओघात तो इतकेच म्हणाला, "ऊब होती म्हणता, ती आम्हांला खोकल्यासकट मिळाली." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. साठ वॅटचा बल्ब छोट्या सौर तबकडीवर व बॅटरीवर रात्रभर चालवणे व्यवहारात अशक्यप्राय होते. एलईडीला तीन-पाच वॅट पुरतात. ज्या पाड्यांवर विजेची तार पोचायला स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके लागली, तेथे पहिला स्वच्छ उजेड काही ठिकाणी तारेच्या आधी आला, तो उष्णतेची साथ सोडल्यामुळेच. उजेड आणि उष्णता यांचे नाते काव्यमय होते, यात शंका नाही. पण त्या नात्याची किंमत वीजबिलात, धुरात आणि जलाशयाखाली गेलेल्या गावांत मोजली जात होती, आणि ती मोजणारे व कविता लिहिणारे हात बहुधा वेगळे होते.

मग उष्णता गेली कोठे? आमच्या मते ती भाषेत गेली. एलईडीच्या खोक्यावर '२७०० केल्विन' किंवा '६५०० केल्विन' असे छापलेले असते. केल्विन हे तापमानाचे माप. एखादी काळी वस्तू २७०० केल्विनपर्यंत तापवली असती तर तिने जसा पिवळसर उजेड दिला असता तसा हा दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. आत तसे काहीही तापलेले नाही. जुन्या बल्बवर हा आकडा वस्तुस्थिती होता. नव्या दिव्यावर ते रूपक आहे. आणखी मौज अशी की कमी आकड्याच्या पिवळ्या उजेडाला बाजार 'वॉर्म' म्हणतो आणि जास्त आकड्याच्या निळसर उजेडाला 'कूल'. म्हणजे रूपकाने वस्तुस्थिती पार उलटी केली.

अलीकडे शहरांतल्या महागड्या उपाहारगृहांत पारदर्शक काचेचे बल्ब टांगलेले दिसतात. आत पिवळ्या तारा उजळलेल्या असतात. जवळ जाऊन पाहिले तर त्या तारा नसून एलईडीच्या बारीक पट्ट्या असतात. ज्या पिवळ्या उजेडाची एकेकाळी कमी दाबाच्या विजेवर चालणाऱ्या गरीब घरांना लाज वाटे, आणि पांढरी ट्यूब लावणे हे सुबत्तेचे लक्षण मानले जाई, तोच पिवळा उजेड आता हौसेने विकत घेतला जातो. साध्या घरांत पांढरा दिवा पोचला आणि पिवळा श्रीमंतांच्या मेजावर गेला. नॉस्टॅल्जियालाही वर्ग असतो, हे समीक्षेत आपण अनेकदा म्हणतो. येथे ते छताला टांगलेले दिसते.

प्राध्यापक-कक्षातील वाद मिटला असे नाही. बल्बपाशीच नाते तुटले म्हणणारा मित्र आजही आपल्या मतावर ठाम आहे. इतर आम्ही मात्र असे मानू लागलो आहोत की आपल्या हयातीत, फारसा आवाज न होता, उजेड आणि आग यांची हजारो वर्षांची घरगुती सोबत संपली. ती संपणे बहुसंख्यांच्या हिताचे होते. आणि तरीही त्या सोबतीवर उभी असलेली शब्दसंपत्ती समजावून सांगण्याचे काम आता शिक्षकावर येऊन पडले आहे. मालवणे, तेवणे, फडफडणे, काजळी धरणे, वात सारणे यांतले एकही क्रियापद वर्गातल्या दिव्याला लागू पडत नाही. ही यादी पाठ करून घेण्यात अर्थ नाही.

यंदा तीच कविता शिकवण्यापूर्वी आम्ही घरून एक पणती, थोडे तेल आणि कापसाची वात वर्गात नेली. खिडक्या लावून दिवे बंद केले आणि ती पेटवली. विद्यार्थ्यांपैकी एकाने अभावितपणे ज्योतीजवळ तळहात धरला. अर्थाची चर्चा त्यानंतर सुरू झाली.